फॅन दोनदा बदलला, दोष न्यूट्रलमध्ये निघाला

काम माझ्याकडे आलं ते एका वाक्यात. "भाऊ, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन लावला की घरातली लाइट जाते."

काकूंच्या घरी फॅन महिनाभरात दोनदा बदलून झाला होता. पहिला नवा फॅन बसवल्यावर फिरलाच नाही. तो खराब ठरवून परत केला. दुसरा बसवला, पातं हललं न हललं तोच बोर्डातला आरसीसीबी (करंट कुठे गळला की सप्लाय तोडणारं सुरक्षा उपकरण) पडला. आधीच्या वायरमनने निदान केलं की हाही फॅन लिकेजवाला आहे, नाहीतर आरसीसीबी फार नाजूक आहे. तो काढून साधा मेन स्विच टाकू, म्हणजे कटकट मिटेल. काकू नाही म्हणाल्या. का ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण जीव वाचवायला बसवलेली वस्तू जीव खाते म्हणून काढायची, हे त्यांना पटलं नव्हतं. त्या नाही म्हणाल्या याचं मोल मला दुपारी कळलं.

हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण इथे मीटरवरचा जवळजवळ प्रत्येक आकडा बरोबर येत होता आणि तरीही वायरिंग धोकादायक होतं.

आधीचा इतिहास

जुना फॅन बारा वर्षं चालला आणि दीड वर्षापूर्वी बंद पडला. खिडकी आहे म्हणून काकूंनी तो तसाच राहू दिला. वर्षभरापूर्वी घरातला जुना फ्यूजचा बोर्ड काढून नवा एमसीबीचा (फ्यूजऐवजी आपोआप पडणाऱ्या स्विचचा) बोर्ड बसला. त्यात ३० मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी आले: एक दिव्यांच्या सर्किटसाठी, दुसरा पॉवर सॉकेट आणि गिझरसाठी. वर्षभर दोन्ही एकदाही पडले नाहीत. मग बाथरूमच्या छताला काळी बुरशी धरू लागली, म्हणून नवा फॅन आणला आणि त्रास सुरू झाला.

कुणालाही वाटेल की गुन्हेगार फॅनच आहे. फॅन नव्हता तोवर सगळं ठीक होतं, फॅन आला आणि बिघडलं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं.

पहिला तास

दिव्यांच्या सर्किटचा एमसीबी बंद केला. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासला, मग फॅनच्या वायरींना लावला, मग पुन्हा त्याच सॉकेटवर लावून पाहिला. तिसरी पायरी पुष्कळजण गाळतात. पण मधल्या मिनिटात टेस्टरच बिघडला असेल तर 'सप्लाय नाही' हे उत्तर खोटं असतं, आणि ते खोटं उत्तर हाताला कळतं. मी दोन टोकांचा टेस्टर वापरतो. स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीत निऑन दिवा असतो तो टेस्टर अशा कामात पुरत नाही; का ते पुढे येईलच.

फॅन उतरवून टेबलावर ठेवला, त्याला तात्पुरती वायर आणि पिन लावून हॉलमधल्या सॉकेटवर चालवला. पंधरा मिनिटं फिरला. काही पडलं नाही. हा सॉकेट दुसऱ्या आरसीसीबीवर होता, म्हणून मग दिव्यांच्या आरसीसीबीच्या आउटपुटवरून फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी) दोन्ही घेऊन तोच फॅन पुन्हा चालवला. तरी काही नाही. तारेभोवती धरून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर फॅन ०.१२ अँपिअर घेत होता. २० वॉटच्या छोट्या मोटरला एवढा करंट ठीकच आहे. फॅन निर्दोष होता.

मग वायरिंगचा संशय. बाथरूम आहे, ओल आहे, भिंतीतल्या पाइपात पाणी शिरलं असेल. सगळे दिवे काढले, सर्किट मोकळं केलं आणि ५०० व्होल्टवर मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, मारला. इन्सुलेशन २०० मेगओहमच्या वर आलं. १ मेगओहमच्या खाली गेलं तर चिंता करायची, आणि इथे तर ओलीचा मागमूस नव्हता. फॅनच्या जागी फेज-न्यूट्रलमध्ये २३१ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये (जमिनीशी जोडलेली तार) २३१, न्यूट्रल-अर्थमध्ये एका व्होल्टच्या आत. याहून चांगले आकडे मागूनही मिळत नाहीत.

फॅन चांगला, इन्सुलेशन चांगलं, व्होल्टेज चांगलं. फॅन परत जोडला, बटण दाबलं, आरसीसीबी पडला.

कॅलेंडर

काकू चहा ठेवायला उठल्या आणि जाताना म्हणाल्या, "मी लिहून ठेवलंय हं, बघायचं असेल तर."

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींत पेन्सिलीने बारीक अक्षरं होती. 'ला' म्हणजे लाइटचा पडला. 'गि' म्हणजे गिझरचा पडला. काही दिवशी 'दो', म्हणजे दोन्ही. आणि मध्ये मध्ये फुली. फुलीचा अर्थ विचारला तर म्हणाल्या, "त्या वेळी काहीच नाही झालं. लाइट गेली नाही, पण फॅनही फिरला नाही."

मी त्या पानासमोर बराच वेळ उभा राहिलो. फॅनला दिव्यांच्या सर्किटचा फेज आहे हे मी स्वतः पाहिलं होतं. मग गिझरचा आरसीसीबी पडायचं कारण काय? त्याचा या फॅनशी संबंधच नको. आणि फुल्या पाहिल्या तर एक सोडून सगळ्या संध्याकाळच्या.

"संध्याकाळी गिझर लावता का?"

"नाही, सकाळीच. अंघोळ झाली की बटण बंद."

इथे प्रकरण उलगडलं. उरलं ते सिद्ध करायचं होतं.

न्यूट्रलचा माग

मुख्य स्विच बंद केला. बोर्डात दिव्यांच्या सर्किटची आणि गिझरची, दोन्ही न्यूट्रल आपापल्या पट्ट्यांवरून सोडवून मोकळी केली. बल्ब काढलेले होतेच, फॅनही सोडवला; जोडलेलं उपकरण राहिलं तर त्याच्यातून वाट मिळून मीटर फसवतं. लांब वायरीने फॅनच्या डब्यातली काळी वायर बोर्डापर्यंत आणली आणि एकेका न्यूट्रलशी कंटिन्युइटी, म्हणजे तार सलग जोडलेली आहे का ते, पाहिली. दिव्यांच्या न्यूट्रलशी काहीच नाही, मीटर गप्प. गिझरच्या न्यूट्रलशी लावल्यावरही गप्प. मग गिझरचं डबल पोल बटण (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारं) चालू केलं आणि बझर वाजला. ०.४ ओहम.

म्हणजे फॅनचा फेज दिव्यांच्या सर्किटचा आणि न्यूट्रल गिझरच्या डब्यातून, तोही गिझरच्या बटणाच्या पुढून घेतलेला. आमच्यात याला उसना न्यूट्रल म्हणतात. जुना फॅन बसवताना कुणीतरी पाहिलं असेल की स्विच बोर्डापासून आलेल्या पाइपात एकच वायर आहे, गिझरचा डबा हातभर अंतरावर आहे, न्यूट्रल काय, कुठूनही घेतला तरी न्यूट्रलच. फॅन फिरला, पैसे घेतले, गेला.

आरसीसीबीचं काम एका वाक्यात सांगता येतं: फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच आपल्याच न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो बघतो. दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून जातात. जाणारं आणि येणारं समान असेल तर एकमेकांना खोडून काढतात. फरक पडला की आरसीसीबी पडतो. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने १५ पर्यंत पडू नये आणि ३० ला पडलंच पाहिजे, अशी त्याची रचना असते. इथे दिव्यांच्या आरसीसीबीतून १२० मिलिअँपिअर बाहेर जात होते आणि परत येतच नव्हते. गिझरच्या आरसीसीबीत तेच १२० मिलिअँपिअर न पाठवता येऊन पडत होते. दोघांच्या हिशेबात चूक एकाच क्षणी. जो आधी उडेल तो उडेल, कधी दोन्ही. कॅलेंडरवरची 'ला', 'गि' आणि 'दो' ती हीच.

आणि गिझरचं बटण बंद असताना? न्यूट्रलची वाटच तुटलेली. करंट नाही, म्हणून फरक नाही, म्हणून काही पडत नाही आणि फॅनही फिरत नाही. फुल्या. पहिला नवा फॅन 'खराब' निघाला तो असाच. काकूंना आठवलं, तो दुपारी बसवला होता. गिझर बंद होता. चांगला फॅन परत गेला.

मग बोर्ड बदलल्यावर वर्षभर काही पडलं का नाही? जुना फॅन तेव्हा जागेवरच होता आणि बटण अधूनमधून दाबलंही जात होतं. तो फॅन काकूंनी माळ्यावर पिशवीत ठेवला होता, खाली काढायला लावला. गुंडाळीवर मीटर लावलं तर रेषा उघडी, म्हणजे आत वाट तुटलेली. नव्या फॅनची तीच गुंडाळी काहीशे ओहम दाखवत होती. जुन्याचं बुश गंजून शाफ्ट अडकला होता, मोटर तापली होती आणि आतला थर्मल फ्यूज उडाला होता. करंटच जात नव्हता, तर आरसीसीबीने काय पकडावं? चुकीचं वायरिंग बारा वर्षांहून जास्त होतं. ते पकडणारं उपकरण आलं तेव्हा फॅन मेलेला होता, आणि जिवंत फॅन आला तेव्हा चूक उघडी पडली. दोष फॅनवर आला, कारण शेवटी आला तो फॅन.

व्होल्टेज मोजून हे का कळलं नाही, हे नवीन वायरमन मुलांनी नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं. सगळे न्यूट्रल शेवटी एकाच ठिकाणी जोडलेले असतात. म्हणून कुठलाही न्यूट्रल घेतला तरी मीटर २३० च दाखवणार, आणि निऑन टेस्टर त्यावर पेटणार नाही. न्यूट्रल आहे हे मीटर सांगतं. कुणाचा आहे ते सांगत नाही. ते फक्त पट्टीवरून सोडवून, एकेक तपासून कळतं.

गिझरच्या डब्यात

डबा उघडण्याआधी एक मोजमाप मुद्दाम घेतलं, काकूंना बोलावून. सप्लाय चालू, फॅनचं बटण चालू, गिझरचं डबल पोल बटण बंद. कुठलाही गिझर दुरुस्त करणारा माणूस याच अवस्थेत डबा उघडेल. बटण बंद, लाल दिवा विझलेला, म्हणजे आता हात घालायला हरकत नाही. मी मीटरचं एक टोक अर्थला आणि दुसरं डब्यातल्या काळ्या न्यूट्रलला लावलं. २२८ व्होल्ट.

फॅनच्या फेजमधून गुंडाळीत, गुंडाळीतून फॅनच्या न्यूट्रलमध्ये, तिथून या डब्यात. पुढे वाट बंद, म्हणून अख्खा दाब इथे थांबलेला. या काळ्या वायरला हात लागला तर वाट माणसातून पूर्ण होते. फॅनची गुंडाळी मध्ये असल्याने करंट थोडा अडतो, पण ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर तो ५० मिलिअँपिअरच्या पुढे सहज जाऊ शकतो, आणि हृदय बंद पाडायला एवढा पुरतो. आता आरसीसीबी आहे, त्याने तो पकडला असता. बारा वर्षं तो नव्हता. आणि 'काढून साधा स्विच टाकू' हा सल्ला मानला असता तर पुन्हा नसता. काकूंनी मीटरचा आकडा पाहिला, काही बोलल्या नाहीत, फक्त मागे सरकल्या.

सप्लाय बंद करून डबा उघडला. गिझरच्या जाड, ४ चौरस मिलिमीटरच्या न्यूट्रलचं आवरण बोटभर सोललेलं, त्याभोवती बारीक वायर चार वेढे गुंडाळलेली, वर काळी टेप. टेप चिकट होऊन सरकली होती, आत तांबं हिरवट झालं होतं. बोटाने धरल्यावर बारीक वायर वेढ्यातून निसटून हातात आली. मग ती उलटी फॅनकडून ओढून काढली आणि गिझरचा न्यूट्रल कापून नव्या लगने (तारेच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) बसवला.

नवं वायरिंग

बाथरूमबाहेरच्या स्विच बोर्डात दिव्यांच्या सर्किटचा न्यूट्रल आधीपासून होता. तिथपासून फॅनपर्यंत पाइपही होता, फक्त त्यात एकच वायर. तिलाच ओढतार केलं. तिच्या टोकाला चार नव्या वायरी पुढेमागे अंतर ठेवून बांधल्या. एकाच जागी बांधल्या तर गाठ जाड होते आणि वळणात अडकते. तरी दुसऱ्या बेंडमध्ये अडकलीच. मी ओढत होतो, माझा मदतनीस दुसऱ्या टोकाने ढकलत होता. ओढणं आणि ढकलणं एका लयीत आल्यावर सुटली. सगळ्या १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या.

चार का, तर हा फॅन टायमरवाला आहे. बटण बंद केल्यावरही काही मिनिटं फिरून वाफ काढतो. त्यासाठी त्याला कायमचा फेज वेगळा लागतो आणि बटणातून आलेला फेज वेगळा. तिसरी न्यूट्रल, चौथी अर्थ. आधी एकच फेज आलेला असल्याने फॅनचे दोन्ही फेज टर्मिनल तुकड्याने जोडून ठेवले होते. फॅन चालला असता, पण टायमर कधीच नाही. घरातल्या वायरी जुन्या पद्धतीच्या लाल-काळ्या-हिरव्या, फॅनच्या कागदावर ब्राऊन, निळा आणि हिरवा-पिवळा. मी दोन्ही टोकांना रंगीत स्लीव्ह चढवल्या, म्हणजे पुढे उघडणाऱ्याला अंदाज बांधायला नको. फॅनवर चौकोनात चौकोन अशी दुहेरी इन्सुलेशनची खूण आहे, त्याला अर्थचं टर्मिनल नाही. तरी अर्थची वायर कापून टाकली नाही, डब्यात कनेक्टरमध्ये बंद करून ठेवली. उद्या धातूच्या बॉडीचा फॅन आला तर लागेल.

बाथरूमबाहेर, हात पोहोचेल एवढ्या उंचीवर तीन पोलचा आयसोलेटर बसवला. कायमचा फेज, बटणाचा फेज आणि न्यूट्रल, तिन्ही एकदम तोडतो. टायमरच्या फॅनला दोन पोलचा पुरत नाही, एक फेज जिवंतच राहतो. फॅनच्या कागदावर ३ अँपिअरचा फ्यूज मागितला होता, तोही त्याच्या आधी घातला. फॅन शॉवरपासून अर्ध्या मीटरवर आहे, तेव्हा आयपीएक्स ४, म्हणजे कुठूनही शिंतोडे आले तरी चालेल असा हवा. हा तसाच होता.

पाणी आणि हवा

जुना फॅन का गंजला हे पाहिल्याशिवाय नवा लावणं मला बरोबर वाटेना. फॅनमागे फॉल्स सीलिंगवरून नालीदार लवचीक पाइप बाहेरच्या भिंतीपर्यंत गेला होता, जरुरीपेक्षा दुप्पट लांब आणि मध्ये झोळीसारखा लोंबणारा. झोळी हलवली तर आत पाणी हेलकावलं. वाफ थंड होऊन तिथे साचायची आणि फॅन बंद झाला की मोटरवर उतरायची. तो काढून १०० मिलिमीटरचा सरळ पीव्हीसी पाइप टाकला, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. बाहेरची झडप रंगाने चिकटली होती, ती मोकळी केली.

मग दार. बाथरूमची हवा धरली तर २.४ गुणिले १.५ गुणिले २.४, म्हणजे साडेआठ घनमीटरच्या आसपास. तासाला आठ-दहा वेळा ती बदलायची तर ७० ते ८५ घनमीटरचा फॅन हवा आणि हा तेवढा देतो. पण दाराखाली रबरी पट्टी लावून फट बंद केली होती. आत येणारी हवा नसेल तर बाहेर काय जाणार? १०० मिलिमीटरच्या पाइपचं तोंड साधारण ७८५० चौरस मिलिमीटर असतं. ७६० मिलिमीटर रुंद दाराखाली १० मिलिमीटर फट ठेवली तर ७६०० होते, जवळजवळ तेवढीच. पट्टी काढली. आधी जाळीवर टिश्यू कागद धरला की गळून पडायचा, आता चिकटून राहिला.

इथला गिझर विजेचा होता म्हणून ठीक. बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर असा ओढणारा फॅन जळालेला वायू उलटा आत खेचू शकतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. तिथे फॅनच्या आधी गिझर बाहेर हलवण्याचं बोलावं.

जोडून झाल्यावर

दोन्ही न्यूट्रल आपापल्या पट्टीवर परत लावली. मेगर पुन्हा मारला, तोच २०० च्या वर. फॅन चालू ठेवून दिव्यांच्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल एकत्र क्लॅम्पमध्ये धरले: शून्य. गिझरचे तसेच धरले: शून्य. दोन्ही आरसीसीबी यंत्राने ३० मिलिअँपिअरवर तपासले. मर्यादा ३०० मिलिसेकंदांची, दोन्ही ४० च्या आत पडले. त्यांच्यात नाजूक काहीच नव्हतं. कोणता फेज आणि कोणता न्यूट्रल कुठून कुठे गेला याचा हाताने काढलेला नकाशा बोर्डाच्या दाराला आतून चिकटवला.

निघताना काकू म्हणाल्या, "थांबा, मला एकदा माझ्या पद्धतीने बघू द्या." त्यांनी गिझरचं बटण बंद केलं, मग फॅनचं दाबलं. फॅन फिरला. गिझर चालू केला, दोन्ही चालू राहिले. फॅनचं बटण बंद केलं आणि आम्ही दारातच उभे राहिलो. टायमर पाच मिनिटांवर होता. फॅन थांबला तेव्हा त्यांनी कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने एक बरोबरची खूण केली.